धोंडूभाऊंचं मागीलदार

रत्नागिरीजवळ मिऱ्याला आमच्या वाडीतल्या सगळ्या घरांची तोंडं रस्त्याला आणि पाठी दर्याला. बाहेरचा कुणी आला की हळहळतो, "अहो, समुद्र पाठीमागे का ठेवलात? व्ह्यू फुकट गेला." त्याला काय सांगायचं! दर्या ही बघायची वस्तू आहे हे आमच्या आज्यापणज्यांना ठाऊकच नव्हतं. पावसाळ्यात न विचारता आत घुसणाऱ्याला पुढच्या दारी कोण बसवील? म्हणून पुढीलदारी तुळस, पाहुणे आणि लग्नाचे मांडव. मागीलदारी विहीर, वाळत टाकलेली सुकट, दोन घरांमधला दगडांचा गडगा, माडांची रांग, मग बंधारा, आणि बंधाऱ्यापलीकडे तो.

माझे शेजारी धोंडू नागवेकर या मागीलदारीच राहतात. घर आहे, चांगलं चार खोल्यांचं, बोटीवरच्या पगारातून बांधलेलं. पण जेवण आणि रात्रीची झोप सोडली तर माणूस घरात सापडायचा नाही. विहिरीजवळ एक लाकडी खुर्ची आहे. तिच्यावर दर्याकडे तोंड करून बसायचं आणि हातात काहीतरी दोराचं काम घ्यायचं, हा त्यांचा दिवस. त्या जागेला ते मागीलदार म्हणत नाहीत. अ‍ॅफ्ट म्हणतात. "बाई, मी अ‍ॅफ्टला हाय," असं गडग्यावरून ओरडतात. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, तेहतीस वर्षं मुलींना तो विषय शिकवलेली; पण हा शब्द कुणी घराला लावलेला मी तोवर ऐकला नव्हता.

एकोणिसाव्या वर्षी धोंडूभाऊ मुंबईला जाऊन खलाशी म्हणून बोटीवर चढले आणि चौतीस वर्षांनी उतरले. बोट बंदराला लागते किंवा बंदरातून सुटते तेव्हा तिच्या दोन्ही टोकांना माणसं उभी असतात. पुढच्या टोकाला नांगर सांभाळायला सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आणि त्याची माणसं. मागच्या टोकाला दोर सोडायला आणि ओढायला सेकंड मेट नावाचा अधिकारी, आणि त्याच्या हाताखाली तिघंजण. धोंडूभाऊ जन्मभर त्या मागच्या तिघांतले. त्यामुळे नवीन देश पुढून कसा दिसतो हे त्यांना विचारू नका. कुठलंही बंदर मागे पडताना कसं दिसतं ते मात्र विचारा. आधी धक्क्यावरची माणसं जातात, मग खिडक्या, मग झाडं. रंग सगळ्यांत शेवटी जातो. मोंबासाचा लाल राहतो, चितगावचा मळकट हिरवा. मग सगळ्याचा धूर होतो, आणि धुरात आपण काय बघितलं होतं ते आपणच ठरवायचं.

"आणि रत्नागिरी?" मी एकदा विचारलं.

"रत्नागिरी कशी दिसेल? आम्ही चढायचो मुंबैला." हातातली गाठ आवळली. "पण दिसायची."

हे असं बोलणं मला खरं तर सोसत नाही. दिसायची तर कशी, हे नीट सांगावं माणसाने. पण धोंडूभाऊंच्या बाबतीत माझा नाइलाज होतो. दुपारी चारच्या सुमाराला माडांच्या सावल्या गडग्यावर चढायला लागतात, विहिरीतला पारवा घुमतो, भरतीचं पाणी बंधाऱ्याच्या दगडांत शिरून कुणीतरी झोपेत बोलावं तसं काहीबाही पुटपुटतं, आणि धोंडूभाऊ खुर्चीतून त्या आवाजात आवाज मिसळून बोलत असतात. मी तांदूळ निवडायला बसलेली असते. तासाभराने खाली बघावं तर सुपात तांदूळ तसेच.

म्हणायचे, बोटीच्या मागे एक पांढरा रस्ता पडतो. पंखा पाणी कापतो त्याचा फेस. बोट सरळ असेल तर रस्ता सरळ, सुकाण्याने डुलकी काढली असेल तर वाकडा; सुकाण्याची लबाडी पुढे कुणाला कळत नाही, मागे सगळी लिहिलेली असते. "काम झाला की मी उभा ऱ्हायचो बघत. वाटायचा, ह्या रस्त्याने उलटा चालत गेलो तर कुठे पोचेन? शेवटाला एक विहीर असेल, तिच्यावर सगुणा उभी असेल." आणि मग, बायकोबद्दल आपण जरा जास्तच बोललो असं वाटून, "कपडे धुवत," असं जोडून द्यायचे.

त्यांच्या नातीची, मृणालीची, मी शिकवणी घेतली ती याच जागी. मृणालीचे आईबाप मुंबईला नोकरीला. पोरगी आजीआजोबांपाशी वाढली. बारावीनंतर म्हणाली, मी बोटीवर जाणार. सगुणाने दोन दिवस चूल पेटवली नाही. धोंडूभाऊ काहीच बोलले नाहीत, आणि त्याचा अर्थ पोरीने होय असा घेतला. खलाशाचा सहा महिन्यांचा कोर्स केला, पास झाली, आणि मग वर्षभर घरी बसली. मुलगी म्हटल्यावर कंपन्या कागद ठेवून घेत, बोलावत नसत. शेवटी एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं, तेव्हा तोंडी इंग्रजीसाठी ती माझ्याकडे आली.

मी वाक्यं घालत होते. म्हटलं, "दुसरी बोट आपल्या मागे आहे. म्हण बघू, शी इज बिहाइंड अस."

खुर्चीतून आवाज आला, "बाई, दर्यात बिहाइंड नाय."

"म्हणजे काय?"

"ता जमिनीवरचा शब्द. झाडाच्या पाठी, घराच्या पाठी बिहाइंड. बोटीच्या पाठी असेल ता अस्टर्न."

"मग तुमचं ते अ‍ॅफ्ट?"

"अ‍ॅफ्ट बोटीच्या आत. तुम्ही बोटीवर उभ्या हाव, मागल्या टोकाकडे चालत गेलाव, तर अ‍ॅफ्टला गेलाव. आणि पाठून दुसरी बोट येते, ती अस्टर्न. आत अ‍ॅफ्ट, बाहेर अस्टर्न. इंजिन उलटा फिरवला तरी अस्टर्न."

"आणि अबाफ्ट? तोही शब्द आहे पुस्तकात."

"ता एकटा येत नाय कधी. अबाफ्ट द बीम. बीम म्हणजे बोटीची आडवी बरगडी समजा. तिच्या जरासा मागे. अगदी पाठीला नाय, खांद्याच्या मागे. नवरा बाजारात पुढे चालतो आणि बायको मागून येते ना, तशी."

"मला कधी नेलात बाजारात?" आतून सगुणा. "मेली मोठी उपमा देतायत!"

घरी जाऊन मी जाडा शब्दकोश काढला. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाचा एक शब्द चुकलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी वही केली आणि ते सांगतील ते लिहून घेतलं. स्टर्न म्हणजे तो मागचा भाग, वस्तू. अ‍ॅफ्ट म्हणजे दिशा. क्वार्टर म्हणजे मागचा कोपरा, डावा किंवा उजवा. 'ऑन द क्वार्टर' म्हटलं की तिरकं मागे. मागे या एका गोष्टीला इतके शब्द कशाला, असं मी वैतागून विचारलं तर म्हणाले, "बाई, पुढचा सगळ्यांना दिसता. बोलून दाखवायला लागता ता मागचा."

मृणालीची निवड झाली.

सगुणाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घराबाहेर पडणाऱ्याला मागून हाक मारू नये, हे आपल्याकडे सगळेच म्हणतात आणि निम्मे पाळतात. सगुणा पुरतं पाळायची. मासेवाली चिमा पुढून निघून गेली आणि सगुणाला बांगडे हवे असले, तर ही मागीलदारातून निघायची, माडांतून धावत तीन घरं ओलांडायची, पुढच्या बोळातून रस्त्यावर यायची आणि चिमाच्या समोर उभी राहून धापा टाकत म्हणायची, "बांगडे हायत?" पोरगा शाळेचा डबा विसरला, तोच प्रकार. वाडीतली पोरं म्हणत, सगुणाकाकी मागून येत नाही, समोर उगवते. मला राग यायचा. मी सांगितलं तिला, "अगं, वर्गातून पळणाऱ्या पोरींना तेहतीस वर्षं मागून हाका मारल्या मी. त्यातल्या दोघी डॉक्टर झाल्या."

"तुमच्या पोरी तासातून चाललेल्या, बाई. बोटीवर नाय."

मग एकदा तिने कारण सांगितलं. अठ्ठ्याऐंशी साल. धोंडूभाऊ सुट्टी संपवून निघाले होते, आणि कुळथाच्या पिठीचा डबा ओट्यावर राहिला. पिठी त्यांच्यासाठी नव्हतीच, गुहागरच्या काशीरामसाठी होती. दोघं एकाच बोटीवर, जिवाभावाचे. सगुणा नवी नव्हती, सगळं कळत होतं, पण तोंडातून निघून गेलं, "अहो, डबा!" धोंडूभाऊ वळले, डबा घेतला, गेले. दोन महिन्यांनी परदेशातल्या कुठल्याशा बंदरात बोट धक्क्याला लावताना मागचा दोर ताणाखाली तुटला आणि उलटा फिरून काशीरामला लागला. माणूस जागच्या जागी गेला. मांडीएवढा जाड दोर, रबरासारखा उडतो म्हणे.

"ह्यांना म्हणून मारलेली हाक, लागली त्याला," सगुणा म्हणाली. "पिठी त्याचीच होती ना."

हे ती सांगत होती तेव्हा धोंडूभाऊ चार हातांवर बसून विहिरीच्या दोराचा पेड उलगडून बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. हेही त्यांचं एक खूळ होतं. वाडीतल्या प्रत्येक विहिरीचा दोर, गोठ्यातलं दावं, पाळण्याची दोरी ते न विचारता तपासत, आणि एखादा पेड झिजलेला दिसला की खिशातून सुरी काढून सरळ कापून टाकत. लोक चिडत. नवा दोर मग स्वतःच वळून आणून देत. मला वाटे, निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा.

जानेवारीच्या शेवटी मृणाली निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मुंबईत कंपनीच्या कचेरीत हजर व्हायचं, रात्री विमान, आणि परक्या बंदरात उभ्या असलेल्या बोटीवर चढायचं. वेळेला पोचली नाही तर तिच्या जागी दुसरा माणूस जाणार हे कंपनीने लेखी कळवलं होतं. दुसरा तयारच असतो. आणि वर्षभर बसलेल्या पोरीला पुन्हा कोण बोलावणार होतं?

दुपारी सव्वा वाजता वाडीतल्या बाळा रिक्षावाल्याच्या रिक्षात तिची बॅग चढली. आंब्याला मोहर आलेला, उन्हात त्याचा वास जड होऊन बसलेला, आणि सगळी वाडी झोपेच्या पाण्यात बुडाल्यासारखी. मृणाली देवाच्या पाया पडली, आजीआजोबांच्या पडली, माझ्या पडायला लागली तेव्हा मी म्हटलं, वेळ नको घालवू. रिक्षा वळणावर गेली. कुणी हाक मारली नाही. सगुणाने केर काढला नाही, भांडी उचलली नाहीत. माणूस गेल्या गेल्या घर आवरायचं नसतं. आम्ही आपापल्या मागीलदारी गेलो. मला वाटतं मी तिथेच खांबाला टेकून डोळे मिटले. समुद्र आत येतोय आणि विहिरीच्या पायऱ्या उतरतोय असं काहीतरी दिसत होतं.

"बाई!"

सगुणा गडग्यापाशी उभी. पदराखालून तिने एक निळं पुस्तक काढलं. मी ओळखलं. सीडीसी. बोटीवर चढणाऱ्याचा हा जन्माचा दाखला. पासपोर्ट असला तरी सीडीसी नसेल तर बोटीवर पाय ठेवता येत नाही. सकाळी पूजेत ते देवापुढे ठेवलं होतं, कुंकू लावलं होतं, वर जास्वंदीचं फूल. सगळ्यांनी नमस्कार केला आणि पुस्तक देवापुढेच राहिलं. मला द्यायचा प्रसाद आणायला सगुणा आत गेली तेव्हा तिला दिसलं.

मी घड्याळ बघितलं. एक अडतीस. गाडी दोन दहाची, आणि मिऱ्यावरून स्टेशन चाळीस मिनिटं.

"फोन लाव तिला! लगेच! म्हणावं या गाडीत बसू नकोस, पुस्तक पाठवतो, संध्याकाळच्या गाडीने जा."

सगुणा हलली नाही. मीच माझा फोन काढला. पण मृणालीचं जुनं सिम आदल्या दिवशी बंद झालं होतं, नवा नंबर आजीच्या फोनात घालून दिलेला, माझ्याकडे नाही. तिच्या बापाला, संदेशला, लावला. तो ड्युटीवर, उचलेना. बाळाला लावला. तो रिक्षा चालवताना फोन घेत नाही; एरवी मला त्याचं कौतुक असतं.

"सगुणा, फोन दे इकडे."

तिने फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला. "मागून हाक नाय मारायची."

"अगं, हाक कुठली! फोन आहे हा. फोन मागून वाजतो की पुढून?"

"ती पुढे गेलीय, म्हणजे मागून."

"तिच्या पर्समध्ये वाजेल. पर्स पुढे असते!"

"मारणारा मागे हाय ना, बाई," ती म्हणाली. "मी रिक्षाने जाते. पुढून जाते."

"पोचेपर्यंत गाडी खेडला गेलेली असेल."

"गाडी लेट असते."

"आज वेळेवर आहे. बघितलं मी."

"मी नाय मारणार. एकदा मारली ती पुरे. पोरगी घरी बसली तरी चालेल, जिवंत बसेल." आणि ती खाली विहिरीच्या काठावर बसली, मांडीत पुस्तक, पुस्तकावर फोन. मला तिचा संताप येत होता आणि तिच्या हातातून फोन ओढायची माझी हिंमत होत नव्हती, असा प्रकार माझ्या आयुष्यात क्वचित झाला आहे.

धोंडूभाऊ खुर्चीतून उठले. हातातली सुतळी त्यांनी खुर्चीवर ठेवली. सगुणासमोर जाऊन उभे राहिले, पण बघत होते दर्याकडे.

"दोर मी बघितला होता," ते म्हणाले.

"कुठला दोर?"

"काशीरामचा. सकाळीच बघितला. डेकवर गुंडाळी उलगडताना. तीन पेडांतला एक झिजून गेलेला, काथ्यासारखी पिंजर निघालेली. सेकंड मेटला सांगायचा होता." पाणी बंधाऱ्यात शिरलं, बाहेर गेलं. "सांगितला असता तर खालून नवा दोर काढायला लागला असता. दोन तास. माणसं दमलेली. बंदर लागला की खाली उतरायची सगळ्यांना घाई, मलाही. म्हटला, आजच्यापुरता चालेल. काशीराम तिथे उभा ऱ्हायला जिथे मी ऱ्हायचो. मी सरकून उभा होतो. मला ठाऊक होता म्हणून सरकलो."

मी घड्याळाकडे बघितलं नाही. कितीही वाटलं तरी बघितलं नाही.

"घरी आलो तेव्हा तू म्हणालीस, मी हाक मारली म्हणून झाला. मी काय बोललो नाय. नाय म्हणायचा ता ऱ्हावला. पहिल्या दिवशी ऱ्हावला, मग ऱ्हावतच गेला. हाकेचा काय नाय गो. दोर कुजका होता."

सगुणा त्यांच्याकडे बघत होती. रडत नव्हती.

"मी गुहागरला जाऊन मालनच्या पाया पडले," ती म्हणाली. मालन म्हणजे काशीरामची बायको. "तिच्या अंगणात. पाच माणसांदेखत. म्हटला, बाय, माझ्या तोंडाने तुझा माणूस गेला. तुम्हीच एस्टीत बसवून दिलात मला."

"होय."

"बसवून दिलात, आणि बोललात नाय."

"नाय बोललो."

मला वाटलं ती आता फोन फेकून मारणार. तिने चष्मा वर केला, पदराने फोनची काच पुसली, आणि बोटाने नंबर शोधायला लागली. दोनदा भलतंच उघडलं. मी हात पुढे केला तर तिने तो झटकला. मग वाजलं. तिकडून "आजी?" असं ऐकू आलं आणि सगुणा उभी राहून, दर्यापलीकडच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात ओरडली, "मृणाली! गो मृणाली! गाडीत चढू नको! तुझा पुस्तक देवापुढे ऱ्हायला!" माडावरचे कावळे उडाले. शेजारची तीन दारं उघडली. तिला तीन वेळा सांगावं लागलं, कारण पोरगी पहिल्या दोन वेळा नुसतं "आजी, तू बोलतेयस?" एवढंच विचारत होती.

पुस्तक घेऊन मी गेले. सगुणा म्हणाली, तुम्ही जा, माझे पाय चालत नायत. स्टेशनवर मृणाली बॅगेवर बसली होती, चेहरा राखेचा. मला बघून उठली. "बाई, घरी सगळे बरे आहेत ना? आजीचा फोन मागून आला. मला वाटलं कुणीतरी गेलं."

"कुणी गेलेलं नाही. हे घे. वर कुंकू आहे, पुसू नको, आत पानांना लागू देऊ नको."

"पण आजीने फोन केला कसा?"

"आजोबांना विचार," मी म्हटलं. "आज नको. बोटीवरून विचार." संध्याकाळच्या गाडीला तिला जागा मिळाली नाही. उभी गेली, पण वेळेत पोचली.

मी परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. मागीलदारी दोघं होती. धोंडूभाऊ खुर्चीत, सगुणा विहिरीच्या काठावर, मधे चार हात अंतर, आणि दोघांवर तो सांजेचा पिवळा उजेड, ज्यात माणसं आपल्यापासून फार लांब वाटतात. मी चहा केला आणि गडग्यावरून दिला. दोघांनी घेतला. एकमेकांना नाही दिला.

चार दिवस सगुणा नवऱ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पाणी तापवून ठेवायची, शब्द नाही. धोंडूभाऊंनीही काही मागितलं नाही. सुतळीला हात लावला नाही. दिवसभर ते पाण्याकडे बघत बसत आणि मी त्यांच्याकडे. कधीकधी वाटायचं की खुर्चीच हळूहळू हलतेय, अंगण, विहीर, घर सगळं घेऊन पाण्यावर निघालीय, आणि मी तेवढी गडग्याच्या अलीकडे राहिलेय. माझा रक्तदाब मी त्या आठवड्यात दोनदा तपासून घेतला. ठीक होता.

पाचव्या दिवशी मृणालीचा फोन आला. बोटीवर चढली होती. सगुणाने फोन मोठ्या आवाजावर टाकून खुर्चीच्या हातावर ठेवला, म्हणजे तिलाही ऐकता येईल आणि नवऱ्याच्या हातात देण्याची वेळही येणार नाही.

"आजोबा, बोट बांधताना मला फॉरवर्ड दिलंय, पुढचं टोक. तुमची अ‍ॅफ्ट नाही मिळाली."

"बरा झाला." मग फोनकडे वाकून, "मृणाली, दोर बघत जा. रोज. एक पेड जरी झिजलेला दिसला तर बोल."

"मी नवीन आहे आजोबा. मी बोलले तर ओरडतील."

"ओरडूदे. तरी बोल. त्याच वेळी बोल. मागाहून बोलता येत नाय."

फोन बंद झाला. सगुणा जागची उठली आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड करून बोलली.

"उद्या गुहागरला जायचा. मालनकडे."

"आता? ती कुठे असेल, कशी असेल..."

"असेल तिथे असेल. मी पाया पडले होते. आता तुम्ही. बाई, तुम्ही येताव का? हे वाटेत उतरून पळतील."

मी म्हटलं, येते.

सकाळी एस्टीने जयगडला गेलो, तिथून फेरीबोटीने तवसाळला निघालो. खाडी इतकी शांत होती की बोट चाललीय हे डोंगर सरकत होते म्हणून कळत होतं. पाण्यावर धुकं उरलेलं, त्यात कुणाची तरी होडी नुसती टेकवून ठेवल्यासारखी. मोटारसायकलवाले, दोन बकऱ्या, आणि आम्ही तिघं एका बाकावर. धोंडूभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हात मांडीवर उताणे ठेवलेले, त्यात काही नव्हतं. पलीकडचा किनारा आधी नुसता गडद होता, मग त्यात झाडं झाली, मग धक्का, धक्क्यावर माणसं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "कसा सांगू तिला? सुरुवात कुठून करू?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, नेहमीच असतं. पण सगुणाने माझ्या दंडावर हात ठेवला, पदर खोचला, आणि उतरायला उठता उठता म्हणाली,

"दोरापासून."